अंधारातली सभा

३ जानेवारी

दादा,

नमस्कार करते आहे. तू मोठा आहेस, त्याला माझा इलाज नाही.

फोनवर राजकारणाचं एक अक्षर काढायचं नाही, पत्र लिही, तेही साध्या पाकिटात, असा तुझा हुकूम. म्हणून या वयात टेबलाशी बसून बोटं काळी करते आहे. तुझा फोन चोरून ऐकायला खरंच कुणाला बसवलं असेल, तर मला त्या बिचाऱ्याची दया येते. तुझं पित्त, तुझं पेन्शन आणि शेजाऱ्याचा कुत्रा, यापलीकडे त्याच्या कानावर काय पडत असेल?

तर बातमी अशी, की काल तुझे साहेब आपल्या थिएटरात येऊन गेले. तुझे म्हणते, कारण माझे ते कधीच नव्हते. विरोधी पक्षनेते, जनतेचा आवाज वगैरे वगैरे. आल्या आल्या लॉबीतल्या आरशासमोर उभे राहिले आणि केस सारखे करायला लागले. जे केस नाहीत तेसुद्धा सारखे केले. मग मला म्हणाले, “ताई, या वास्तूचा इतिहास मला ठाऊक आहे,” आणि दुसऱ्याच कुठल्यातरी थिएटरचा इतिहास सांगितला. बशीतली बिस्किटं एकट्याने संपवली. बरोबरचे चौघे नुसतेच बघत होते, त्यांना सवय असावी.

त्यांना निवडणुकीआधी इथे एक सभा घ्यायची आहे आणि गावात कुणी जागा देत नाही. शाळेच्या हॉलला रंग द्यायचा आहे म्हणे. क्लबात वाळवी लागली आहे. मैदानावर गवत वाढवायचं चाललं आहे, आणि आजवर त्या मैदानात गवताचं एक पातं कुणी बघितलेलं नाही. झालंय असं, की सत्ताधारी पक्षाच्या शहराध्यक्षाने सगळ्यांना फोन केले. जागा देऊ नका असं तो म्हणालाच नाही. एवढंच विचारलं, “तुमच्या परवान्याची मुदत कधी संपते हो?”

माझी या महिनाअखेरीस संपते. अर्जावर दोन्ही मालकांच्या सह्या लागतात. अर्धं थिएटर माझं, अर्धं तुझं. म्हणजे वहिनीचं, कारण नोकरीत असताना कुणी चौकशी करू नये म्हणून तू तुझा हिस्सा तिच्या नावावर करून मोकळा झालास. सही झाली नाही तर एक तारखेला दाराला कुलूप, आणि वरच्या मजल्यावर राहणारी मी रस्त्यावर.

मला विचारशील तर तुझे साहेब म्हणजे रिकामं पिंप आहे. पण दगडापेक्षा वीट मऊ. वर बसलेत ते इतकी वर्षं बसलेत, की आता उठताना खुर्चीही बरोबर येईल. आणि माझ्या थिएटरात कोण बसणार हे मला फोनवरून कुणी सांगितलेलं खपत नाही. तेव्हा मी हो म्हणणार आहे. तुला तर आनंदच व्हायला हवा. या माणसासाठी जेवणाच्या टेबलावर मुठी आपटून माझे किती कप फोडलेस! लवकर कळव.

बेबी


८ जानेवारी

बेबीस आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून लगेच फाडलं. हे तूही फाड.

साहेब आपल्या वास्तूत आले हे वाचून ऊर भरून आला. मनाने मी त्यांच्याबरोबर आहे, होतो आणि राहीन. याबद्दल तुझ्या मनात किंतु नसावा. परंतु बेबी, मनाने बरोबर असणं वेगळं आणि थिएटर देणं वेगळं. पाठिंबा द्यायलाही एक वेळ असते. निवडणुकीआधी उघड पाठिंबा देणं म्हणजे जेवायच्या आधी ढेकर देण्यासारखं आहे. निकाल लागू दे. साहेब निवडून आले की पहिला हार मी घालतो. नाही आले, तर आपण काही बोललोच नव्हतो. यात कुणाचंच नुकसान नाही.

तू म्हणशील, मग त्यांनी निवडून यायचं कसं? येतात, बेबी. लोक सुज्ञ आहेत. सगळे मनातून त्यांच्याच बाजूचे आहेत. माझ्या सकाळच्या फिरायच्या ग्रुपमध्ये एकूण एक माणूस त्यांचा आहे. हे मला त्यांच्या न बोलण्यावरून कळतं.

पाण्यात राहून माशाशी वैर करू नये, हे बाबा सांगायचे. माझं पेन्शन आहे, जावयाची बदली अडकलेली आहे. साहेबांना माझ्या वतीने अत्यंत आदरपूर्वक नाही म्हणून सांग. माझं नाव मात्र घेऊ नकोस.

सहीचं विचारलंस. मी दाखवेन तिथे ही सही करते, ती काळजी नको. पण थिएटर दिलंस, तर मी दाखवणार नाही. हिने तुझ्या गुडघ्यांचं विचारलं आहे. बाकी या विषयातलं हिला काही कळत नाही.

दादा


१३ जानेवारी

दादा,

फाडलं नाही. असं पत्र रोज रोज येत नाही. मी ते उशाशी घेऊन झोपते, झोप फार छान लागते, हसून हसून दमायला होतं ना.

उंटावरून शेळ्या हाकाव्यात तर तुझ्यासारख्याने! शेळीही दुसऱ्याची आणि उंटही. इतकी वर्षं तू माझ्याशी भांडलास, की मला देशाचं काही पडलेलं नाही, मी नुसती तिकिटं फाडते. आता तिकिटं फाडणारी थिएटर देते आहे आणि देशाची काळजी वाहणारा म्हणतो आहे, माझं नाव घेऊ नका. अरे, लाज नावाची वस्तू तुमच्या बाजूला मिळत नाही का? इथून पाठवू थोडी?

पण तू एकटा नाहीस, एवढा दिलासा घे. तुझी सगळी जमात सध्या माझ्या मागच्या दाराने येते आहे. परवा केमिस्ट आला. गल्लीत दोन्हीकडे बघितलं, आत शिरला आणि माझ्या कानाशी येऊन म्हणाला, “बेबीताई, आम्ही आहोत हो मनातून.” मी म्हटलं, “मनातून आहात तर मागच्या दारातून कशाला? पुढून या.” तर म्हणतो, पुढे सगळे बघतात. त्याच्या पाठोपाठ हेडसर. शाळेच्या हॉलला रंग द्यायचाय असं सांगणारे तेच. पोरांना आयुष्यभर ‘खरं बोला’ शिकवलं आणि आता स्वतःच्या सावलीशीसुद्धा खोटं बोलतात. मग दाताचा डॉक्टर. सगळ्यांचं एकच पालुपद. साहेबांचं भाषण ऐकायचंय. पण ऐकताना दिसायचं नाहीये.

शेवटी केमिस्टनेच तोड काढली. म्हणाला, “सिनेमाला बसतो तसं बसवा की. बाहेर जुन्या सिनेमाचं पोस्टर लावा, तिकिटं विका, आत दिवे बंद. स्टेजवर साहेबांच्या तोंडापुरता एक दिवा. कोण कुठे बसलंय कुणाला दिसणार? टाळ्या कुणी वाजवल्या तेही कळणार नाही.” हेडसरांनी मान डोलवली. म्हणाले, ही लोकशाहीची नवी पद्धत आहे. मी म्हटलं, ही झुरळांची जुनी पद्धत आहे. 

साहेबांना विचारलं, तर त्यांची काहीच हरकत नाही. त्यांना म्हणे माणसांचा पाठिंबा हवा, चेहरे नकोत. मी विचारलं, चेहरे बघून मतं मागायची नसतात का? तर म्हणाले, “ताई, चेहरे मी पोस्टरवर देतो.” स्वतःचा हो.

तेव्हा ठरलं आहे. ऑपरेटरला मी बजावून ठेवलं आहे, की आभाळ कोसळलं तरी दिवे लावायचे नाहीत. तो म्हणाला, इतकी वर्षं हेच करतोय. तू सही दाखव नाहीतर नको दाखवूस. माझे गुडघे ठीक आहेत, वहिनीला सांग.

बेबी


१७ जानेवारी

बेबीस,

आशीर्वाद देण्याच्या मनःस्थितीत मी नाही.

तू हट्टी आहेस हे मला तुझ्या जन्मापासून माहीत आहे. तरीही शेवटचं सांगतो. हा कार्यक्रम केलास तर अर्जावर सही होणार नाही. मग थिएटर बंद पडेल, आणि बंद थिएटर विकण्यावाचून गत्यंतर नसेल. याला धमकी समजू नकोस. हा मोठ्या भावाचा सल्ला आहे. बैल गेल्यावर झोपा करण्यात अर्थ नसतो.

आता केवळ माहितीसाठी विचारतो. कार्यक्रम नेमका कुठल्या तारखेला आणि किती वाजता आहे? बाल्कनीची शेवटची रांग पूर्ण अंधारात असते का? की जिन्याकडचा उजेड येतो? पूर्वी यायचा असं आठवतं. तिकिटं आदल्या दिवशी मिळतात, की तिथेच? आणि खिडकीवर तू स्वतः बसतेस, की दुसरं कुणी?

हे सगळं हिला जाणून घ्यायचं होतं. बायकांना कशाचं कुतूहल वाटेल, सांगता येत नाही.

दादा


२० जानेवारी

दादा,

चोराच्या मनात चांदणं. तारीख आणि वेळ कशाला हवी आहे, ते न कळण्याइतकी मी खुळी नाही. शहराध्यक्षाला कळवायची आहे ना? आणि वरून वहिनीच्या नावावर खपवतोस! हिस्साही तिच्या नावावर, कुतूहलही तिच्याच नावावर. तुझ्या नावावर घरात आहे तरी काय?

घे, लिहून घे. पंचवीस तारीख, संध्याकाळी सहा. बाल्कनीतल्या जिन्याचा दिवा कधीच काढला. तिकिटं तिथेच मिळतात, खिडकीवर कँटीनवाल्याची बायको बसते. जा, सांग त्याला. पोलीस घेऊन यायला सांग. पोलिसांनाही तिकीट काढावं लागेल.

मला वाटायचं तू नुसता भित्रा आहेस. भित्रा माणूस मी चालवून घेतला असता, आपल्या घरात त्यांची कमी नाही. पण चुगली करशील असं वाटलं नव्हतं. वाईट वाटलं, खरंच वाटलं.

बेबी


२८ जानेवारी

प्रिय बेबी,

पंचवीसला मी घरीच होतो. आदल्या रात्रीपासून सडकून ताप. अंथरुणातून पाय खाली टाकला नाही. त्यामुळे चुगलीचा प्रश्नच येत नाही. तुझे शब्द फार लागले, पण मी मोठा आहे, विसरतो.

कुणाकडून तरी कानावर आलं, की सभेत काही गोंधळ झाला, दिवे लागले वगैरे. खरं का? दिवे किती वेळ होते? बाल्कनीपर्यंत उजेड गेला का? कुणी ओळखीचं दिसलं का? नावं पत्रात लिहू नकोस, नुसतं हो की नाही कळव.

आणखी एक. ही चार दिवस झाले, कुठल्याशा मैत्रिणीकडे गेली आहे असं वाटतं. जाताना सांगून गेली असेल, मी तापात होतो. चुकून तुझ्याकडे आलीच, तर लावून दे. औषधं कुठे ठेवली आहेत ते सापडत नाही. चहाची पूडही.

तुझा दादा


३० जानेवारी

दादा,

ताप उतरला का? उतरला नसेल तर डोक्यावर काहीतरी घे. तुला सवय आहे.

तू विचारलंस म्हणून सगळं सविस्तर सांगते. थिएटर भरलं होतं. इतकं भरलं की जिन्यावर माणसं. पुढच्या दाराने एकेक जण मान खाली घालून येत होता, जणू घाणेरडा सिनेमा लागलाय. तुझे साहेब तासभर उशिरा आले. मग सुरू झाले ते सुरूच. मी मागे उभी होते, मला एक वाक्य आठवत नाही. पण टाळ्या! अंधारात काय टाळ्या पडतात रे! मागून कुणी ओरडतंय, “उलथून टाका!” आवाज केमिस्टचा. खोकल्याचं औषध मागितलं तरी याचा आवाज फुटत नाही.

मग साहेब म्हणाले, “आता मी तुम्हाला एकच प्रश्न विचारतो.” आणि थांबले. परिणामासाठी थांबले म्हणे, नंतर मला सांगत होते. थांबले, दिव्यापासून बाजूला झाले आणि पाणी प्यायला लागले. थिएटरात चिडीचूप. दोन-चार जण खोकले. आपला ऑपरेटर वर केबिनमध्ये, त्याला भाषण ऐकू येत नाही. त्याला खिडकीतून एवढंच दिसलं, की स्टेजवर चेहरा नाही, आणि पब्लिक खोकायला लागलंय. पब्लिक खोकायला लागलं की मध्यंतर, हे त्याच्या हाडात बसलेलं. त्याने बेल वाजवली आणि सगळे दिवे लावले.

अरे देवा! दादा, ते दृश्य बघायला बाबा हवे होते. सगळं गाव तिथे, आणि सगळं गाव एकमेकांकडे बघतंय. केमिस्ट आणि शहराध्यक्षाचा सेक्रेटरी खुर्चीच्या एकाच हातावर कोपर टेकून बसलेले, संध्याकाळभर दोघांनी टाळ्या पिटलेल्या. हेडसर खाली वाकून चष्मा शोधायला लागले, चष्मा नाकावर. परवाना कार्यालयाचा साहेब मधल्या रांगेत मफलर गुंडाळून. आणि पहिल्या रांगेत कोण? शहराध्यक्षाची सासू. ती मोठ्याने विचारते, “काय झालं? मेला की काय बोलता बोलता?”

मला क्षणभर वाटलं, आता हसतील. एकमेकांना बघून कळेल यांना, की अरे, आपण सगळेच तर इथे आहोत, मग भ्यायचं कुणाला? इतकी साधी गोष्ट. पण छे! कँटीनवाला सवयीने ट्रे घेऊन आत आला, “चहा, चहा!” आणि अख्खं थिएटर सवयीने उठून बाहेर गेलं. शिकलेली, सवरलेली, कमावती माणसं भिंतीकडे तोंड करून चहा प्यायली. 

साहेब माझ्याकडे धावत आले. “दिवे बंद करा, नाहीतर कुणी परत येणार नाही!” मी म्हटलं, “दिवे राहतील.” कशी म्हणाले मला माहीत नाही. मला सगळ्यांचा इतका संताप आला होता, की रडायला येत होतं. म्हटलं, अंधारात ओरडणाऱ्यांच्या जिवावर तुम्ही सरकार उलथवणार? उजेडात बसवून दाखवा एकाला तरी.

बेल दिली. कुणी आत येईना. साहेब स्टेजवर खुर्चीत बसून बिस्किटं खात होते. आणि मग एक बाई आत आली. एकटी. सरळ चालत पहिल्या रांगेपर्यंत गेली, आणि बसली. सगळे दाराशी उभे राहून तिच्याकडे बघत होते. तिच्या मागोमाग शहराध्यक्षाची सासू, “सरका, मला बसू दे,” करत. मग दाताचा डॉक्टर. मग कँटीनवाला आणि त्याची बायको. मग एकेक करत आणखी थोडे. बरेचसे निघून गेले, हेडसर मागच्या दाराने. पाव थिएटरसुद्धा भरलं नाही. पण जे बसले ते बसले. साहेबही थोडक्यात आटपले. समोर चेहरे दिसल्यावर फुगवून बोलता येईना बहुधा.

ती बाई कोण होती, ते तुला सांगायला नको. बाल्कनीच्या शेवटच्या रांगेत तू तिच्या शेजारी बसला होतास. दिवे लागल्या लागल्या तिच्या अंगावरची शाल ओढून तू डोक्यावरून घेतलीस आणि जिन्याकडे सुटलास, तेही मी बघितलं. तोंड झाकता येतं दादा, चाल झाकता येत नाही. तू बाबांसारखा चालतोस. बाबा मात्र कुणाला सोडून कधी पळाले नाहीत.

चुगलीचा आरोप मी मागे घेते. तू तारीख स्वतःसाठी विचारलीस, शहराध्यक्षासाठी नाही. तू चुगलखोर नाहीस, त्याला निदान कुणाच्या तरी समोर उभं राहावं लागतं.

दुसऱ्या दिवशी शहराध्यक्ष आला होता. “काल गर्दी होती म्हणे,” म्हणाला. मी म्हटलं, “होती की. कोण कोण होतं ते सासूबाईंना विचारा.” चहा न पिता गेला.

वहिनी माझ्याकडेच आहे. तिचं पत्र याच पाकिटात घातलं आहे. मी वाचलेलं नाही. बरं, वाचलं.

बेबी


३० जानेवारी

अहो,

चहाची पूड वरच्या फळीवर, निळ्या डब्यात आहे. औषधं तुमच्या उशाच्या खणात. चार दिवसांत तो खण उघडला नाहीत, म्हणजे ताप फार नसावा.

बेबीताईंनी काय लिहिलंय ते मला माहीत आहे. त्या इथे सगळ्यांना सांगतात, माझी वहिनी किती धीट. लोक मला बघायला येतात. मला फार ओशाळल्यासारखं होतं, कारण ते खरं नाही. म्हणून तुम्हाला लिहिते. दुसऱ्या कुणाला सांगता येत नाही.

मी धीट म्हणून आत गेले नाही. तुमच्या मागे बाहेर आले तर तुम्ही रिक्षात बसून निघालेले. मी हाकही मारली. तुम्ही मागे बघितलंत, मला बघितलंत, आणि रिक्षावाल्याला चल म्हणालात. परतीचं माझं तिकीट तुमच्या खिशात. अंगावर शाल नाही. थंडी वाजत होती आणि बाहेर सगळे भिंतीकडे तोंड करून उभे. मला जायला दुसरी जागाच नव्हती, म्हणून मी आत गेले. आत कुणी नव्हतं, म्हणून पुढे बसले. चांगल्या जागेवर बसायला मला आजवर मिळालं नव्हतं.

बसल्यावर वाटलं, आता काहीतरी होणार. कुणीतरी येणार, नाव विचारणार. मी वाट बघत बसले. काही झालं नाही. शेजारी एक म्हातारी येऊन बसली आणि तिने मला सुपारी हवी का विचारलं. इतकी वर्षं तुम्ही ज्याला भीत होतात, आणि तुमच्यामुळे मी भीत होते, ते हे एवढंच होतं.

तुमचे साहेब मला मुळीच आवडले नाहीत. बोलतात फार. पण त्यांच्याबद्दल तुम्ही घरात जे जे सांगितलंत ते मी खरं मानलं होतं, तुम्ही मानलं नव्हतंत हे मला तिथे कळलं. तेव्हा त्यांना मत द्यायचं की नाही, ते आता मला माझं ठरवावं लागेल. आजवर तुम्ही मला कधी विचारलं नाहीत, सांगितलंत.

अर्जावर सही केली. बेबीताई कुठे करायची ते दाखवायला लागल्या, मी म्हटलं, थांबा, आधी वाचू दे. सगळा वाचला. निम्म्या थिएटरची मी मालक आहे, असं त्यात लिहिलं आहे. तुम्ही कधी बोलला नव्हतात. आज सकाळी आम्ही दोघी जाऊन कार्यालयात अर्ज दिला. तिथल्या साहेबांनी मान वर केली नाही, पण शिक्का मारला. परवाना मिळेल की नाही, ते अजून सांगत नाहीत. नाही मिळाला तर बेबीताई म्हणतात, दोघी मिळून भांडू. मला भांडता येत नाही असं मी म्हटलं. त्या म्हणाल्या, शिकवते.

मतदानाच्या दिवशी मी येईन. आपलं केंद्र आपल्या घराजवळच्या शाळेत आहे, रांग रस्त्यापर्यंत येते, दिवसाढवळ्या सगळे बघतात. मी सकाळीच उभी राहणार आहे. तुम्हाला माझ्याबरोबर उभं राहायचं असेल तर या. शाल आणू नका.

तुमची बायको